वल्हे मारल्याने आयुष्य घटते का?

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीओईपीचा, बोट क्लब १९२८ साली सुरू झाला. मुळा नदीच्या काठावर तो आजही आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिथले विद्यार्थी ‘रेगाटा’ भरवतात. रेगाटा म्हणजे नौकांच्या शर्यती आणि कसरतींचा मेळा. विद्यार्थी लांबट, अरुंद नौका, सपाट तळाचे पंट आणि कयाक घेऊन पाण्यात उतरतात, नौकांच्या रांगा जुळवून आकृत्या बांधतात आणि अंधार पडला की मशाली पेटवतात. या सगळ्याचे आयोजन विद्यार्थीच करतात. अभ्यास, प्रॅक्टिकल आणि परीक्षा सांभाळून चालवलेली ही परंपरा आता शंभरीच्या उंबरठ्यावर आहे.

आरोग्याच्या सदरात आणि तेही परभणीत बसून नौकांची गोष्ट कशाला, असे कुणी विचारेल. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना वल्ह्यांचे काय कौतुक? पण सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत आईबाप मला एक प्रश्न नेहमी विचारतात : “डॉक्टर, एवढं पळल्यानं पोराच्या हार्टवर ताण तर येणार नाही ना?” काहीजण बारावीच्या मुलाला खेळातून सूट मिळावी म्हणून सर्टिफिकेटच मागायला येतात. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी जाहीरपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तर मोजदाद करून शोधले गेले, ते महाविद्यालयीन नौकांच्या शर्यतीमुळेच.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांत पहिली नौकाशर्यत १८२९ साली झाली. चार्ल्स वर्ड्सवर्थ ऑक्सफर्डचा आणि चार्ल्स मेरिव्हेल केंब्रिजचा. दोघे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्यातल्या आव्हानातून थेम्स नदीवर हेन्ली येथे ही शर्यत ठरली आणि दोघेही आपापल्या नौकेत वल्ही मारायला बसले. १८५६ पासून, महायुद्धांसारखे मोठे खंड सोडले तर, ती दरवर्षी होते. आज लंडनमधले तिचे अंतर पावणेसात किलोमीटरहून थोडे जास्त आहे आणि प्रत्येक नौकेत आठ वल्हेकरी व दिशा सांभाळणारा एक सुकाणूधारक असतो.

शर्यत गाजू लागली तशी भीतीही वाढली. १८६७ मध्ये फ्रेडरिक स्के या लंडनच्या नामवंत शल्यचिकित्सकाने ‘द टाइम्स’ दैनिकाला पत्र लिहून या शर्यतीने तरुणांची प्रकृती कायमची बिघडते, असा इशारा दिला. एवढे श्रम हृदयाला झेपत नाहीत, ही माणसे अकाली जातात, असा समज पसरला. शर्यतीनंतर वल्ह्यावर मान टाकून धापा टाकणारी पोरे लोक डोळ्यांनी पाहत होते, त्यामुळे तो पटायलाही सोपा होता.

मँचेस्टरचे डॉक्टर जॉन मॉर्गन हे स्वतः ऑक्सफर्डला असताना वल्हे मारलेले. त्यांनी वाद घालण्याऐवजी यादी केली. १८२९ ते १८६९ या चाळीस वर्षांत शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा त्यांनी माग काढला. जे हयात होते त्यांना पत्रे लिहिली आणि जे गेले त्यांच्या नातेवाइकांकडे, मित्रांकडे चौकशी केली. १८७३ साली त्यांनी निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. शर्यतीचा फायदाच झाला असे सांगणारे ११५, काही इजा झाली नाही असे १६२ आणि नुकसान झाले असे १७. आयुर्मानाच्या तक्त्यांशी ताडून पाहिले तेव्हा हे लोक अपेक्षेपेक्षा सुमारे दोन वर्षे जास्तच जगत होते. शर्यत सुरू करणारे ते दोन मित्रही पुढे ऐंशी ओलांडून गेले. वर्ड्सवर्थ ८६ व्या वर्षी वारले, मेरिव्हेल ८५ व्या.

ऐकायला हे छान वाटते, पण इथे जरा थांबायला हवे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुले बहुतेक सुखवस्तू घरातली. त्यातही संघात निवडले जायचे ते मुळातच धडधाकट असलेले. त्यांची तुलना गिरणीतल्या मजुरासह सगळ्या देशाच्या सरासरीशी केली तर ते जास्त जगणारच. ही पळवाट पुढच्या संशोधकांनीही ओळखली. १९५४ मध्ये केंब्रिजच्याच जुन्या विद्यार्थ्यांची आपसांत तुलना झाली : खेळाडू, अभ्यासात चमकलेले आणि बाकीचे. खेळाडू अकाली गेले नव्हते, पण इतरांपेक्षा फार जास्तही जगले नव्हते. अभ्यासू मंडळी उलट किंचित पुढे होती.

मग खेळून मिळाले काय? याचे उत्तर अमेरिकेतून आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास राल्फ पॅफेनबर्गर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. कॉलेजात खेळाडू असलेले, पण पुढे खुर्चीला चिकटलेले लोक हृदयविकारापासून वाचले नाहीत. कॉलेजात कधी मैदान न पाहिलेले, पण नंतर नियमित हालचाल ठेवणारे मात्र वाचले. म्हणजे तारुण्यातला व्यायाम मुदत ठेवीसारखा ठेवून पुढे त्याचे व्याज खाता येत नाही. तरुणपणी लागलेली सवय चालू राहिली तरच तिचा उपयोग.

या सगळ्या मोजणीतून माझ्यापुरता एवढा निष्कर्ष निघतो : निरोगी तरुणाने तयारी करून केलेले कठोर श्रम त्याचे आयुष्य कमी करत नाहीत. श्रम थांबले की मात्र फायदा संपतो. आपण नेमके उलटे वागतो. श्रमाला भितो आणि बसून राहण्याला भीत नाही.

नौका वल्हवताना शरीरात काय होते तेही पाहू. बघणाऱ्याला वाटते की सगळे काम हातांचे आहे. प्रत्यक्षात बसायची जागा चाकांवर मागेपुढे सरकते आणि जोर मुख्यतः पायांचा लागतो, मग पाठीचा, शेवटी हातांचा. शरीरातले जवळपास सगळे मोठे स्नायू एकदम रक्त मागतात. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते. कसलेल्या वल्हेकऱ्याचे हृदय शर्यतीत तीस लिटरच्या वर जाते. हे एका दिवसात घडत नाही. महिनोन्महिन्यांच्या सरावाने हृदयाचे कप्पे मोठे होतात, भिंती थोड्या जाड होतात आणि विश्रांतीतले ठोके कमी होतात. जुन्या डॉक्टरांना हे मोठे झालेले हृदय आजारी वाटे. आज आपण त्याला खेळाडूचे हृदय म्हणतो आणि आजारामुळे सुजलेल्या हृदयापासून ते वेगळे ओळखता येते.

मुलींच्या बाबतीत ही भीती आणखी चिवट ठरली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींची पहिली स्पर्धा १९२७ साली झाली, म्हणजे मुलांनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. त्यातही दोन्ही नौकांनी शेजारी-शेजारी शर्यत लावायची नाही, अशी अट होती. एकेक संघ स्वतंत्र आला आणि वेगाबरोबर वल्हवण्याच्या ‘शैली’लाही गुण दिले गेले. मुलांच्याच मार्गावर, त्याच दिवशी मुलींची शर्यत व्हायला २०१५ साल उजाडले. आपल्याकडे आजही मुलगी मोठी झाली की मैदान सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुलगी दोन चकरांत दमते याचा अर्थ तिला खेळ झेपत नाही असा होत नाही. तिचे हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या द्या आणि मग पळू द्या.

नौकानयन फक्त पाणीवाल्या मुलखाचे, असेही कुणी समजू नये. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ हे विहिरी खोदणाऱ्याच्या घरातले. सैन्यात गेल्यावर ते पुण्यात वल्हवायला शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक जिंकले. त्यांचे गाव आपल्या कुठल्याही दुष्काळी गावासारखेच. त्यांना शिस्तीचा सराव, पोटभर जेवण आणि वेळेवर तपासणी मिळाली, ती आपल्याही मुलांना मिळाली पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या परिसरात आणि तालुक्याच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची पोरे पळताना दिसतात. भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यांतली कितीतरी लेकरे वर्षभर काही करत नाहीत आणि जाहिरात निघाली की महिनाभरात सगळे उरकू पाहतात. कुणी वजन कमी दिसावे म्हणून पाणी पीत नाही, कुणी दुखणे दाबायला गोळ्या खाऊन पळतो. विशेष म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज प्रशिक्षकही वल्हेकऱ्यांना पाणी कमी पाजत आणि अर्धकच्चे मांस खाऊ घालत. ते खूळ तिकडे कधीच मागे पडले. इकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाणी न पिता पळणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

भरतीच्या मैदानावर तरुण कोसळल्याची बातमी आली की घरोघरी धावण्यावरच बंदी येते. बंदी घालण्याऐवजी काही गोष्टी पाहाव्यात. पळताना कधी चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, इतरांपेक्षा फार लवकर धाप लागणे, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेले असणे, लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असणे. यातले एक जरी असेल तर आधी डॉक्टरांकडे या, हृदयाचे ठोके ऐकून घ्या, ईसीजी काढा, गरज पडली तर इको करा. आणि ताप असताना किंवा नुकताच उतरला असताना जोराचा व्यायाम करू नका, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. एवढी काळजी घेतली तर बाकीच्या असंख्य मुलांना पळण्यापासून रोखायला वैद्यकशास्त्रात आधार नाही.

पाण्याचा विषयही टाळता येणार नाही. ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांमुळे आपल्या गोदावरीत आता कितीतरी महिने पाणी उभे असते. जायकवाडीचा कालवा आहे, येलदरी आहे. पाणी आले, पण पोहायला शिकवणारे कुणी आले नाही. देशात २०२२ साली बुडून मरण पावलेल्यांची नोंद ३८ हजारांच्या वर आहे. वल्ही हातात घेण्याआधी पोहता आले पाहिजे आणि नौकेत सुरक्षा जॅकेट पाहिजे, हा नौकानयनातला पहिला धडा आहे. स्पर्धा कधी भरेल तेव्हा भरो, हा धडा मात्र आजच घ्यायला हवा. आणि पाणी स्वच्छही हवे. २०२४ मध्ये लंडनच्या शर्यतीआधी थेम्समध्ये मैलापाण्यातल्या ई-कोलाय जिवाणूंचे प्रमाण जास्त सापडले आणि खेळाडूंना नदीचे पाणी अंगावर उडू न देण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. पुण्यात मुळेवर साचणारी जलपर्णी हेच सांगते. गोदावरीत सांडपाणी सोडणाऱ्या गावांनी यातून शिकावे.

परभणीत लगेच रेगाटा भरवा, असे माझे म्हणणे नाही. सीओईपीकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. वर्षातून एक ठरलेला दिवस, विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली स्पर्धा आणि तिच्यासाठी महिनोन्महिने केलेला सराव. आपल्या प्रत्येक महाविद्यालयाला हे जमण्यासारखे आहे. खेळ कबड्डी असो, धावणे असो की पोहणे. जून-जुलैत तारीख जाहीर करा, दिवाळीआधी सगळ्यांची साधी तपासणी करून घ्या, मुलींचे हिमोग्लोबिन पाहा आणि मग तीन-चार महिने सराव होऊ द्या. तपासणीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्याला पत्र द्या. आम्हाला हे काम जड नाही.

आणि पालकांना एक विनंती. बारावीच्या वर्षी शिकवणी, अभ्यास, झोप या सगळ्यांना वेळ असतो, तसा रोज पाऊण तास मैदानालाही राहू द्या. खेळातून सूट मागणारे सर्टिफिकेट मी आजाराशिवाय देत नाही. मुलगा खेळायला फिट आहे का, हे तपासून घ्यायला मात्र कधीही या.