फुलेरा, मानवत आणि ईट

बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या ईटसारख्या गावात सिनेमाचा प्रवेश एके काळी जत्रेतल्या तंबूतून होत असे आणि जत्रा उठली की तोही उठत असे. आज भूम तालुक्यातील खव्याच्या भट्टीपाशी बसलेला तरुण दूध आटेपर्यंत मोबाईलवर वेबमालिकेचा एखादा भाग पाहून संपवतो. हा बदल कोणा सांस्कृतिक धोरणाने घडवून आणला अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे 2014 साली एक जीबी डेटामागे सरासरी 269 रुपये पडत. 2018 साली तोच दर 12 रुपयांच्या आत आला. सप्टेंबर 2016 मध्ये एका उद्योगसमूहाने बाजार काबीज करण्यासाठी जे दरयुद्ध पुकारले, त्याचा हा आनुषंगिक लाभ होय. लाभ झाला हे नाकारू नये. तो कोणाच्या मर्जीवर टिकणार, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

प्रस्तुत लेखक चित्रपटांचा समीक्षक नव्हे. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि रात्रीच्या जेवणानंतर घरातील मुले जे लावून देतील ते पाहणारा तो एक साधा प्रेक्षक आहे. तथापि ज्या करमणुकीवर खेड्यातील माणसाचा रोजचा तास-दोन तास खर्च होतो, तिच्याविषयी बोलण्याचे काम केवळ मुंबईच्या जाणकारांवर सोपवणे बरे नव्हे.

गावाकडच्या प्रेक्षकाने सर्वांत आपली मानली ती मालिका म्हणजे 'पंचायत'. 2020 च्या टाळेबंदीत ती आली आणि 2025 पर्यंत तिची चार पर्वे झाली. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातले फुलेरा हे काल्पनिक गाव, प्रत्यक्ष चित्रीकरण मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यातले, आणि तरीही मराठवाड्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला त्यात आपला ग्रामसेवक आणि आपला सरपंचपती ओळखता आला. पिस्तूल, शिवीगाळ आणि रक्त यांवाचून वेबमालिका उभी राहत नाही असे मानण्याच्या काळात, सौरदिव्याचा खांब कोणाच्या दारात उभा करावा एवढ्या वादावर एक अख्खा भाग बेतणे हे धाडसच म्हणावे लागेल. पहिल्या पर्वाच्या शेवटी, नावापुरत्या प्रधान असलेल्या मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून स्वतः झेंडावंदनाला उभ्या राहतात. महाराष्ट्राने 2011 साली स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. त्यानंतर किती गावांत सही बाईंची आणि कारभार मालकांचा असे चालत आले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो प्रसंग पाहताना हसू आणि लाज एकदमच येते. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांच्या अभिनयाविषयी वेगळे सांगायला नको.

परंतु चारही पर्वे पाहून झाल्यावर एक शंका मागे उरते. या गावात शेतात राबते कोण? सचिव त्रिपाठी, त्यांचे सहायक शुक्ला, उपप्रधान पांडे, प्रधानपती दुबे. कचेरीत बसणारी सगळी माणसे एकाच वर्णाची आहेत, आणि मालिकेला त्यात उल्लेख करण्याजोगे काही वाटत नाही. उत्तर प्रदेशात हे अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीला जाणारी बाई, सावकाराचा तगादा, पोट भरण्यासाठी सुरत-मुंबईची गाडी धरणारा पोरगा, हे सारे कॅमेऱ्याच्या चौकटीत इतके क्वचित येते की फुलेरा हे जातीविना आणि मजुरीविना चालणारे भारतातील पहिले गाव ठरावे. तिसऱ्या पर्वात घरकुलाचा विषय निघाला तेव्हा लेखकांनी दाराशी येऊन कडी वाजवली. घर मिळावे म्हणून वेगळी राहू लागलेली म्हातारी हे चित्र अस्सल आहे. पण चौथ्या पर्वातली निवडणूक पुन्हा दुधी भोपळा आणि कुकर या चिन्हांच्या गमतीत अडकते आणि जातीची बेरीज ज्या निवडणुकीत कोणीही मांडत नाही अशा त्या निवडणुकीत मंजूदेवी हरतात. शहरात गेलेल्या माणसाला गाव जसे आठवायला आवडते तसे हे गाव आहे. गावात राहणाऱ्यालाही ते आवडते, कारण आपली अडचण न दाखवणारा आरसा कोणाला नको असतो?

याच्या अगदी उलट टोकाला ऑक्टोबर 2024 मध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका. 1972 च्या अखेरीपासून 1974 च्या आरंभापर्यंत परभणी जिल्ह्यातील मानवत येथे लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या अघोरी कल्पना त्यामागे होत्या. तपासासाठी मुंबईहून आलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर आशिष बेंडे यांनी ही मालिका उभी केली. आशुतोष गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे, सई ताम्हणकर या सर्वांनी संयमाने कामे केली आहेत. मराठवाडी बोली विनोदासाठी वापरण्याची मराठी पडद्याची जुनी खोड येथे नाही, हेही आवर्जून नोंदवले पाहिजे.

तरीही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मालिका पाहताना चुटपुट लागते. ज्या महिन्यांत हे खून झाले ते महिने कोणते होते? महाराष्ट्राच्या स्मरणातील सर्वांत भीषण दुष्काळाचे. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. मराठवाड्यातील माणसे खडी फोडून मिलोची भाकरी आणि सुकडी खात दिवस काढत होती. ज्या रोजगार हमी योजनेचे नंतर देशभर कौतुक झाले ती याच खडीच्या ढिगांवर उभी राहिली. अशा काळात वाड्यातला धनिक गुप्तधनाच्या मागे का लागतो, आणि गरिबाची पोर नाहीशी झाली तर यंत्रणा हलायला इतका वेळ का लागतो, हे दोन्ही प्रश्न एकाच जमिनीतून उगवतात. मालिका तपासाच्या मागे धावते आणि ती जमीन पार्श्वभूमीला राहते. दुसरे असे की या प्रकरणात पारधी समाजातील स्त्री आरोपी होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि 1952 साली कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्या पालावरचा पोलिसांचा पहारा मनातून उठला नाही, त्या समाजाचा इतिहास ज्या प्रेक्षकाला ठाऊक नाही, त्याच्यापुरती ती बाई नुसती भीतीची आकृती होऊन राहण्याचा धोका आहे. आमच्या भागात पारध्यांची पाले दूर नाहीत, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मालिकेची एक गोष्ट मात्र मोलाची आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याची गरज काय होती असे आजही विचारणाऱ्यांना ही मालिका दाखवावी. वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

श्रमिकांचे जग पडद्यावर यायचे झाले तर ते कसे येऊ शकते, याचा पुरावा नीरज घायवान यांच्या 'होमबाउंड'ने दिला. सप्टेंबर 2025 मध्ये हा चित्रपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा भूम-परंड्याकडे तो फिरकला असेल असे वाटत नाही. पुढे तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा तो पाहता आला. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारे दोन मित्र, एक दलित आणि एक मुसलमान, सुरतेच्या कापड गिरणीत कामाला लागतात आणि 2020 च्या टाळेबंदीत गावाची वाट धरतात. त्यांतला एक वाटेतच मरतो. घडलेल्या घटनेवर हे कथानक बेतलेले आहे. ईटच्या परिसरातील माणसाला ते पाहताना दुसरेच काही दिसले असेल. त्याच वसंतात बीड, धाराशिव आणि नगर भागातील ऊसतोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांच्या आवारात अडकून पडले होते. सव्वा लाखाहून अधिक माणसांना त्यांच्या गावी परतू देण्याचा निर्णय सरकारने घेतला तो एप्रिलच्या मध्यावर. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोच्या जोडीने निघणारा हा 'कोयता' वेबमालिकेचा नायक झालेला आमच्या तरी पाहण्यात नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी 2019 साली जी चौकशी झाली तीत अशा 13 हजारांवर स्त्रिया आढळल्या. रहस्य, गुन्हा, पैसा, डॉक्टर, ठेकेदार असा सारा ऐवज त्यात आहे. तरीही मंचांचे लक्ष तिकडे का गेले नाही, याचे उत्तर कलेत शोधू नये.

ते उत्तर ग्राहक कोण या प्रश्नात आहे. 2020 साली आलेल्या 'स्कॅम 1992' या मालिकेचे यश त्या दृष्टीने उद्बोधक आहे. हंसल मेहता यांनी बँक रिसिट आणि रेडी फॉरवर्ड व्यवहार हे विषय ज्या सुबोधतेने उलगडले, तशी सुबोधता प्रस्तुत लेखकाला वर्गात साधली असती तर विद्यार्थी मागच्या बाकावर झोपले नसते. पण जानकीरामन समितीने ज्या गैरव्यवहाराची रक्कम 4 हजार कोटींच्या वर दाखवली, त्याचा सूत्रधार नऊ-दहा तास पाहिल्यावर प्रेक्षकाला आपलासा वाटू लागतो. सट्ट्याचे पैसे ज्या बँकांतून गेले त्यांचे ठेवीदार मात्र कोणाच्या ध्यानीमनी राहत नाहीत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत वायदेबाजारात उतरलेल्या वैयक्तिक सटोडियांपैकी 93 टक्के लोकांनी पैसे गमावल्याचे दिसून आले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. मालिकेमुळे हे झाले असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. त्या 93 टक्क्यांची मालिका कोणी काढणार नाही, एवढेच आम्ही म्हणतो.

आता बाजाराची रचना पाहा. स्पर्धेच्या नावाने जे सुरू झाले ते अपेक्षेप्रमाणे मक्तेदारीकडे चालले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम व्यवसाय एक झाले आणि फेब्रुवारी 2025 पासून दोन मंचांचा एक मंच झाला. फुकट पाहता येणारा एमएक्स प्लेअर 2024 साली ॲमेझॉनने घेतला. जून 2025 पासून पैसे भरून प्राइम व्हिडिओ पाहणाऱ्यालाही जाहिराती सोसाव्या लागू लागल्या. त्या टाळायच्या तर वेगळे पैसे. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी दूरसंचार कंपन्यांनी एकाच सुमारास दर वाढवले होते. स्वस्त देऊन सवय लावायची आणि स्पर्धक संपले की दर चढवायचे, हा प्रकार पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागातला आहे. त्यात नवे काही नाही. या सौद्यांत मराठीचे स्थान काय, असा प्रश्न केला तर उत्तर अवघड आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसला गौरवला गेल्यानंतर 2021 साली नेटफ्लिक्सवर आला, हा अपवाद. विदर्भातील कापूस उत्पादकाच्या मुलीच्या कांदेपोह्यांवर जयंत सोमलकर यांनी केलेला 'स्थळ' 2023 साली टोरोंटोत पुरस्कार मिळवून महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत पोहोचला तो मार्च 2025 मध्ये.

सेन्सॉरचे भय वेगळेच. जानेवारी 2021 मध्ये 'तांडव'वर गुन्हे दाखल झाले, पुढच्याच महिन्यात मंचांसाठी सरकारी नियम आले, आणि तेव्हापासून कंपन्यांनी स्वतःच कात्री हाती घेतली. दिबाकर बॅनर्जी यांचा 'तीस' हा एका काश्मिरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांवरील चित्रपट नेटफ्लिक्सने स्वतः बनवून घेतला आणि दाखवला मात्र नाही. याविरुद्ध दाद कोठे मागायची? आनंद पटवर्धन यांचा माहितीपट दाखवण्यास दूरदर्शनने नकार दिला तेव्हा ते न्यायालयात गेले आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनला तो दाखवायला लावला. सरकारी माध्यमाला घटना बांधते. खाजगी कंपनीला तिचा भागधारक बांधतो. दूरदर्शनवर आम्ही या पानांतून कमी टीका केलेली नाही, पण हा फरक लहान नव्हे.

1975-76 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांच्या 2400 खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्याचा प्रयोग झाला होता. शेजारचे गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे त्यात होते, मराठवाडा नव्हता. शाळेसमोर गाव जमून एकत्र पाहत असे आणि एकत्र वादही घालत असे. वर्षभरानंतर उपग्रह परत गेला. ती पद्धत कालबाह्य झाली असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. मार्च 2024 मध्ये तेथील सरकारने 'सीस्पेस' हा स्वतःचा मंच सुरू केला. 75 रुपये देऊन चित्रपट पाहावा, वर्षाची वर्गणी नाही. प्रसारभारतीनेही नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' आणला आहे.

महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. हा पैसा जनतेचा आहे. चित्रपट एकदा तयार झाला की आणखी एका गावाला तो दाखवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूला कुलूप लावून ठेवणे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पंथाला मान्य होणार नाही. तेव्हा अनुदान घेतलेला प्रत्येक चित्रपट प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी सार्वजनिक मंचावर खुला करावा, अशी अट अनुदानाच्या करारातच घालावी. 1967 च्या कायद्याखाली राज्यात सुमारे 11 हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यांना एक पडदा आणि इंटरनेटची जोडणी देणे अशक्य नाही. निर्मात्यांचे नुकसान होईल असा आक्षेप येईल. ज्या चित्रपटांना मंच विकतच घेत नाहीत त्यांचे आणखी कोणते नुकसान व्हायचे राहिले आहे, ते निर्मात्यांच्या संघटनांनी सांगावे.

विधिमंडळातील आमच्या मित्रांनी एवढे तरी करावे. गेल्या दहा वर्षांत अनुदान मिळालेल्या मराठी चित्रपटांची यादी सांस्कृतिक कार्य विभागाकडून मागवावी, आणि त्यांतील कोणता चित्रपट आज ईटमध्ये बसून, कोठे आणि किती पैशांत पाहता येतो, हे प्रत्येक नावापुढे लिहून घ्यावे. ती यादी मिळाली तर या पानावर ती पुरती छापण्याची आमची तयारी आहे.