बागेचं पुस्तक आपल्या हवामानाचं हवं

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बागेसाठी मी एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, थंडी सरली की टोमॅटो लावा. आम्ही मार्चअखेर रोपं लावली. मे महिन्याच्या उन्हात फुलं गळून गेली. मुलं म्हणाली, "बाई, आमचंच काहीतरी चुकलं." चूक मुलांची नव्हती. ते पुस्तकच बर्फ पडणाऱ्या देशासाठी लिहिलेलं होतं.

म्हणून वाटतं, पुस्तक घेताना चित्रं नंतर बघावीत. आधी त्यात खरीप, रब्बी, उन्हाळी असे हंगाम दिलेत का ते पाहावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' भाजीपाल्यासाठी उपयोगी आहे. त्यातलं खताचं प्रमाण हेक्टरी असतं. आपण लागवडीचा महिना आणि दोन रोपांतलं अंतर तेवढं घ्यावं. झाडांशी मैत्री व्हावी म्हणून डॉ. शरदिनी डहाणूकर यांचं 'वृक्षगान' मुलांसोबत वाचावं.

तिसरं पुस्तक मुलांनीच लिहायचं, शंभर पानी वहीत. अंगणात ऊन किती वाजेपर्यंत असतं? मेथी कधी पेरली, कधी उगवली? पालकांनो, यंदा मृगाआधी ही वही घरी सुरू कराच. पुढच्या वर्षी तीच सगळ्यात जास्त उघडली जाईल.