ओळखा पाहू, मागे कोण वाजवतंय?

आपल्याला हिप-हॉपमधलं सॉलिड कळतं, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कॅफेत ‘ओल्ड स्कूल हिप-हॉप आणि सोल’ची क्विझ होती आणि अस्मादिकांची टीम चक्क पहिली आली. हिप-हॉपचा वाढदिवस? ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली डीजे कूल हर्कची पार्टी. १९७९चं ‘रॅपर्स डिलाइट’ कशावर उभं आहे? शिक बँडच्या ‘गुड टाइम्स’वर. कान्ये वेस्टच्या ‘गोल्ड डिगर’मागे कोण? रे चार्ल्स! बझर दाबून दाबून अंगठा दुखायला लागला होता.

हाच माज घेऊन मे महिन्यात घरी गेले. घर म्हणजे नामपूर. नाशिकहून सटाणा, तिथून पुढे मोसम नदीकाठचं आमचं गाव. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे एसटी रांगत होती आणि कानात हेडफोनवर बिग डॅडी केन. एकदम कूल वाटतं हो!

घरी रंगकाम काढलं होतं आणि माझ्यावर एकच काम होतं, नानांच्या कॅसेट्स भंगारात द्यायच्या. माझे वडील, म्हणजे नाना, बस स्टँडजवळ कॅसेटचं दुकान चालवायचे. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचे, नाना भरून द्यायचे. (पायरसी? होय, होतीच. तेव्हा हा शब्द आमच्या बाजारपेठेत पोचला नव्हता, इतकंच.) दुकान केव्हाच बंद झालं. चार पोती कॅसेट्स मात्र पलंगाखाली. आईचा फतवा निघाला होता, एक तर पलंग राहील, नाही तर पोती.

नाना एकेक कॅसेट पुसत बसलेले. म्हटलं, चला, यांचीच क्विझ घेऊ. मोबाइलवर लावलं ‘अॅडिक्टिव्ह’. २००२चं, गायिका ट्रुथ हर्ट्स, सोबतीला साक्षात रकिम, अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलेलं. दोन सेकंदही झाले नसतील. ‘‘ज्योती. १९८१. लताबाई. संगीत बप्पी लाहिरी,’’ नाना मान वर न करता म्हणाले. ‘थोडा रेशम लगता है’! प्रोड्युसर डीजे क्विकने ते म्हणे टीव्हीवर लागलेल्या हिंदी सिनेमात ऐकलं आणि उचललं. प्रकरण कोर्टात गेलं. २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने बजावलं, बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. ‘‘बरं केलं,’’ एवढंच म्हणाले.

मग एरिक सर्मनचं ‘रिअॅक्ट’, तेही २००२चं. रॅपच्या मध्ये एक बाई हिंदीत गाते आणि एरिकभाऊ तिला खुशीत दुजोरा देत राहतात. हे उत्तर स्वयंपाकघरातून आलं. ‘‘अगं, हे तर ‘ताजमहल’मधलं. ‘चाँदी का बदन’. आणि ती आत्महत्येबद्दल बोलतेय, हा कशाला हो हो करतोय?’’ १९६३चा सिनेमा, रोशनचं संगीत. मी हे गाणं कॉलेजपासून पार्ट्यांत वाजवतेय बॉस! बाई काय म्हणतेय याचा विचारही कधी डोक्यात आला नव्हता.

दोन-शून्य. आता हुकमी पत्ता. जेम्स ब्राउन, ‘फंकी ड्रमर’, १९७०. पब्लिक एनिमीच्या ‘फाइट द पॉवर’पासून कुठेकुठे हे ड्रम्स वापरलेत, मोजायला बसू नका.

नानांनी फडकं बाजूला ठेवलं. बोटं पलंगाच्या पाटीवर हलायला लागली. सुरुवातीला नव्हे, मधे बाकी सगळे थांबतात आणि एकटा ड्रमर वाजवत राहतो, तिथे.

‘‘हाऊ कोन शे?’’ खूश झाले की नाना अहिराणीत येतात.

‘‘जेम्स ब्राउन, नाना. सोलचा बाप.’’

‘‘तो गाणारा. वाजवतोय कोण?’’

...

पहिला नंबर आलेल्या मुलीला हे माहीत नव्हतं. क्विझमध्ये हा प्रश्नच नव्हता. मुकाट गूगल केलं. क्लाइड स्टबलफील्ड. ब्राउनच्या बँडमधला ड्रमर. त्याच्या त्या काही सेकंदांवर हिप-हॉपची अख्खी पिढी उभी राहिली. पण गाणं नावावर ब्राउनच्या, त्यामुळे या ड्रमरला त्या सॅम्पल्सची रॉयल्टी मिळालीच नाही. २०१७मध्ये तो गेला. अशीच गत ‘अमेन, ब्रदर’ची. १९६९चं, विन्स्टन्स बँडचं. त्यातला जेमतेम सहा सेकंदांचा तुकडा जगभर वापरला गेला आणि तो वाजवणारा जी. सी. कोलमन २००६मध्ये कफल्लक अवस्थेत वारला.

नाना ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘लग्नातल्या बँडच्या गाडीवर नाव कुणाचं असतं? मालकाचं. ढोलवाल्याला ‘ए ढोल’ म्हणून हाक मारतात.’’ त्यांनी हातातली कॅसेट पुढे केली. कव्हरवर त्यांच्या अक्षरात सिनेमा, साल, गायक, संगीतकार. ‘‘ढोलक कुणाची, ते आम्हाला तरी कुठे कळायचं? रेकॉर्डवर छापूनच यायचं नाही.’’

संध्याकाळी भंगारवाला आला. तीन पोती गेली. चौथं मी पुण्याला आणायचं ठरलंय. एसटीत कसं चढवायचं ते बघू. त्यातली एक कॅसेट मात्र नानांनी काढून घेतली, कोरी. ‘‘ते ड्रमवालं यात भरून दे. बाजाराजवळ एक जण अजून टेप दुरुस्त करतो.’’ मग बॉलपेन झटकून कव्हर पुढ्यात घेतलं.

‘‘हां, सांग. क्लाइड... पुढे काय?’’