घाट उतरल्यावर
चिखलदऱ्याहून परतायचं म्हणजे सुमारे ११०० मीटरवरचा गारवा सोडून थेट वऱ्हाडाच्या भट्टीत उतरायचं. परतवाड्यापर्यंतच्या घाटात धाकट्याची ओकारी, थोरलीचं ‘अजून किती राह्यलं?’ आणि आईच्या पर्समधलं लिंबू, हे ठरलेलंच. घरी पोचल्यावर अमरावतीकर बॅगा टाकून आधी कुलरमध्ये पाणी भरतो. अकोलेकर शेजारच्या काकूंना विचारतो, ‘नळ येऊन गेले का?’ पोरांना त्याचं काय! ती धुण्याच्या ढिगावर उभी राहून भीमानं कीचकाला चिखलदऱ्याच्या दरीत कसं फेकलं, ते आजीला हातवाऱ्यांसकट दाखवतात. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेच बरं. सहलीचा शीण काढायला मोठ्यांनाच तेवढी सुट्टी लागते!