धंद्याचे जेवण आणि मधुमेह

माझे एक मधुमेही रुग्ण, कापडाचे व्यापारी, मालाच्या बोलणीसाठी मुंबईला गेले. समोरच्या घाऊक व्यापाऱ्यावर छाप पडावी म्हणून त्यांनी बड्या थाटाचे हॉटेल निवडले. आठला जेवायचे म्हणून गोळी घेतली. ताट आले साडेदहाला! घाम फुटला, हात थरथरू लागले. पण ‘मला मधुमेह आहे’ म्हणायची लाज वाटली. अखेर वेटरने ओळखून साखरपाणी दिले म्हणून निभावले.

मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरातले इन्सुलिन वाढवतात. त्या जेवणासाठी थांबत नाहीत. त्यात उपाशीपोटी मद्य घेतले, तर यकृत रक्तात साखर सोडू शकत नाही आणि धोका वाढतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की हॉटेल थाटावर नव्हे, वेळेवर निवडावे. माटुंग्याची साधी उडुपी उपाहारगृहे घ्या. बसल्यावर थोड्याच वेळात इडली-डोसा समोर येतो. तिथे गर्दीत बोलणी रेंगाळत नाहीत, हे खरे. पण ती जेवणानंतर जवळच्या फाइव्ह गार्डन्सला फेरी मारताना करता येतात. चालण्याने साखरही आटोक्यात राहते.

ताट केव्हा येईल हे विचारूनच गोळी घ्यावी. गोळीची नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावी. खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि सोबतच्या माणसाला आपला आजार सांगावा. त्याने सौदा मोडत नाही. लपवल्याने जीव मात्र जाऊ शकतो.