बारसें झालें, पुढें काय?

एखाद्या घरीं मूल जन्मास आलें, बारसें थाटानें झालें, पेढे वांटले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाची कोणीं विचारपूसहि केली नाहीं, तर शेजारीपाजारी त्या घराविषयीं काय म्हणतील हें सांगावयास नको. ठाणें आणि कल्याण-डोंबिवली येथील सुशिक्षित समाजानें एका लहानशा कोळ्याच्या बाबतींत नेमकें हेंच केलें आहे, असा आमचा आरोप आहे. आणि तो आम्ही येथें सप्रमाण मांडणार आहों.

२०२१ सालीं 'आर्थ्रोपोडा सिलेक्टा' या रशियन नियतकालिकांत ध्रुव प्रजापति, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप या चौघां अभ्यासकांनीं ठाणें-कल्याण भागांतील उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जातींचें वर्णन प्रसिद्ध केलें. एकीस संशोधकांच्या एका मित्राच्या नांवावरून 'फिंटेला चोळकेई' हें नांव मिळालें. दुसरीचें नांव 'आयसियस तुकारामी'. हे तुकाराम देहूचे नव्हत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीजवळ अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनीं धरून ठेवून ज्यांनीं प्राण दिला, ते मुंबई पोलिसांतील साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २००९ सालीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण करण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं कोळ्याच्या नामकरणाची बातमी छापली, आणि छापली हें योग्यच झालें. लोकांनीं ती एकमेकांस पाठविली, ऊर भरून आला, आणि येथेंच सारें संपलें. तो कोळी केवढा, तो ओळखावयाचा कशावरून, तो राहतो कशाच्या आश्रयानें, आणि तो आश्रय उद्यां उरेल काय, हे प्रश्न किती घरांत विचारले गेले?

अशा बातम्यांत 'नव्या कोळ्याचा शोध लागला' हें वाक्य हटकून असतें. गैरसमजाचें मूळ आमच्या मतें या वाक्यांतच आहे. कोळी कांहीं हरवलेला नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास पहिली आगगाडी आली, पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली. त्याच्या किती तरी आधींपासून हे जीव या भूमीवर नांदत असले पाहिजेत. नवीन झालें तें त्यांचें वर्णन. आणि वर्णन हें वाटेंत पायाखालीं सांपडणारें नाणें नव्हे.

प्राणी कांहीं मिलिमीटर लांबीचा. त्याच्या रंगावर भिस्त ठेवतां येत नाहीं, कारण या कोळ्यांत नर व मादी पुष्कळदां इतकीं निराळीं दिसतात कीं दोघांस दोन जाती समजण्याची चूक मोठमोठ्या पंडितांच्या हातूनहि झाली आहे. खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखालीं पटते. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन लहान अवयव असतात. नर आपलें वीर्य इवल्याशा जाळ्यावर टाकतो, तेथून या अवयवांच्या टोकांत भरून घेतो, आणि समागमाच्या वेळीं तेथूनच मादीस देतो. या टोकांची आणि मादीच्या जननेंद्रियाची घडण जातीगणिक भिन्न असते. अभ्यासकास ती उकलून, मोजून तिचीं चित्रें काढावीं लागतात. आठहि डोळ्यांची मांडणी आणि पायांच्या प्रत्येक पेऱ्याची लांबी टिपावी लागते.

एवढें झाल्यावर खरा जाच सुरू होतो, कारण ही जाति नवी आहे हें सिद्ध करावयाचें असतें. स्वीडनच्या क्लेर्क यानें १७५७ सालीं लिहिलेल्या ग्रंथापासून कोळ्यांचें शास्त्रीय नामकरण मोजलें जातें. म्हणजे तेव्हांपासून आजवर अनेक भाषांत झालेलीं सगळीं संबंधित वर्णनें पडताळावीं लागतात. आयसियस हा वंश फ्रेंच पंडित सिमों यानें १८७६ सालीं स्थापिला. ब्रिटिश म्यूझियमच्या पोकॉक यानें या देशांतील कोळ्यांवर १९०० सालीं ग्रंथ लिहिला. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टिकादार यांनीं पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण-केंद्रांत राहून तें काम पुष्कळ वाढविलें. या साऱ्यांशीं ताडून पाहिल्यावरच नवें नांव देण्याचा अधिकार येतो. ज्या एका नमुन्यावर तें नांव टेकलेलें असतें तो मूळ नमुना संग्रहालयांत जपून ठेवावा लागतो. आपल्या देशांत तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानें नवी जाति आढळल्यास तिची वर्दी व नमुना नेमलेल्या संस्थेकडे देण्याचें बंधनच घातलें. स्वित्झर्लंडमधील बर्न येथें ठेवल्या जाणाऱ्या जागतिक सूचींत एप्रिल २०२२ मध्यें कोळ्यांच्या जातींची संख्या ५०,००० वर पोंचली. त्यांतील एक एक आंकडा अशा श्रमांनीं मिळविलेला आहे.

शेतकऱ्यास जसा सातबाराचा उतारा, तसा जीवास हा वर्णनाचा लेख. तो नसेल तर या भूमीवर आपण आहोंत हें सिद्ध करावयास त्या जीवापाशीं कांहीं साधन उरत नाहीं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे अहवाल तयार होऊं लागले, व त्यांत तेथील प्राण्यांच्या याद्या येऊं लागल्या. परंतु ज्यास नांवच नाहीं तो यादींत येणार कसा? जो यादींत नाहीं, त्याचें नुकसान झालें असें म्हणतांच येत नाहीं. म्हणून नांव देणें हें पहिलें पाऊल, आणि तें अत्यावश्यक पाऊल. परंतु नुसत्या उताऱ्यानें जमीन राखली जात नाहीं, हें ठाणें जिल्ह्यांत तरी कोणांस समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. उतारा पेटींत आणि जमीन परक्याच्या ताब्यांत, अशीं कुटुंबें येथें गांवोगांव आढळतील. आमच्या कोळ्याची गति तीच होण्याची आम्हांस भीति वाटते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला नेहमींचा: या किड्याचा उपयोग काय? प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं कोळी हा कीटक नव्हे. कीटकांस सहा पाय, कोळ्यास आठ. उपयोगाचा हिशेबच हवा असेल तर जगांतील सारे कोळी मिळून वर्षास ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, व त्यांत बहुतेक भरणा कीटकांचा असतो, असा अंदाज दोघां युरोपीय शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केला. परंतु आम्ही या युक्तिवादावर फार विसंबूं इच्छीत नाहीं. जो आपल्या कामास येईल त्यानेंच जगावें, हा न्याय एकदां मान्य केला कीं तो कोळ्यापाशीं थांबत नाहीं. म्हातारीं माणसेंहि त्याच्या कक्षेंत येतात. शिवाय ही उपयोगाची दृष्टि आमच्या परंपरेची तरी आहे काय? भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर एकनाथांनीं टीका लिहिली, त्यांत अवधूतानें सांगितलेल्या चोवीस गुरूंत कोळी आहे. उपनिषत्कारांनीं विश्वाच्या उत्पत्तीस ऊर्णनाभाचा दृष्टान्त दिला. सुश्रुतानें लूतांचे प्रकार सांगून त्यांच्या विषाचा स्वतंत्र विचार केला. गुरु, दृष्टान्त आणि अभ्यासविषय अशा तिन्ही नात्यांनीं ज्यास पूर्वजांनीं जवळ केलें, त्याच्याशीं आमच्या सुशिक्षित घरांचा संबंध आतां केरसुणीपुरता उरला आहे! आणि गंमत अशी कीं, दिवाळीपूर्वीं जीं कोळिष्टकें आपण काढतों, त्यांच्याशीं या उड्या मारणाऱ्या कोळ्याचा कांहीं संबंध नाहीं. तो शिकारीसाठीं जाळें विणीतच नाहीं. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनीं सावज न्याहाळून तो झेंप घेतो, आणि झेंप चुकली तर पडूं नये म्हणून मागें एक तंतु बांधून ठेवतो.

दुसरा आक्षेप भावनेचा: हुतात्म्याचें नांव कोळ्यास देणें हा त्याचा अपमान नव्हे काय? मुळींच नव्हे. रस्त्यांच्या नांवांच्या पाट्या राज्यकर्ते बदलले कीं बदलतात. चौकांतले पुतळे रस्तारुंदींत हलविले जातात. शास्त्रीय नांवाचा नियम मात्र असा आहे कीं, रीतसर दिलेलें पहिलें नांव मागाहून कोणास आवडलें नाहीं म्हणून पुसतां येत नाहीं. उद्यां एखाद्या पंडितानें ही जाति दुसऱ्या वंशांत घातली, तरी 'तुकारामी' हा शब्द तिच्याबरोबर जाईल. इतकें टिकाऊ स्मारक दगडाचेंहि होत नाहीं. अपमान नांव देण्यांत नाहीं. ज्यास तें नांव दिलें त्याच्या पायाखालची भूमि काढून घेऊन पुन्हां नांवाचा अभिमान मिरविण्यांत तो आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल: माणसांस घरें नकोत काय? २०११ च्या शिरगणतींत ठाणें शहराची वस्ती १८ लाख ४१ हजार, व कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार भरली. डोंबिवलीस सकाळच्या लोकलच्या दाराशीं लोंबकळणाऱ्या माणसास, बाबा, कोळ्याच्या घराची चिंता कर, असें सांगणें हा क्रूरपणा होईल. तें आम्ही सांगत नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों कीं, इमारत उभी राहून माणसें राहावयास आल्यावर सभोंवतीं जी जागा उरते तिचें आपण काय करतों? तेथें कोणाचें घर व्हावयाचें नसतें. तरीहि तिच्यावर फरशी घातली जाते. फरशी नसेल तेथें विकतचें एकजात गवत लावून तें आठवड्यास कातरलें जातें. औषधाची फवारणी होते. आणि झाडांखालीं पडलेला पाचोळा रोज झाडून, ढीग करून, कोपऱ्यांत पेटविला जातो. संकुलाच्या कमानीवर नांव मात्र एखाद्या वनाचें किंवा उपवनाचें! या कामास घरटंचाईची सबब चालावयाची नाहीं. हें गरजेपोटीं घडत नाहीं, टापटिपीच्या एका खुळ्या कल्पनेपोटीं घडतें.

तो पाचोळा म्हणजे केर नव्हे. जमिनीवर राहणाऱ्या कित्येक लहान कोळ्यांचें तें गांव आहे. त्यांत दिवसां दडून रात्रीं शिकारीस निघणारे आहेत. अंड्यांची पिशवी बरोबर वागविणारी आणि पिलें बाहेर आल्यावर त्यांस पाठीवर घेऊन हिंडणारी माताहि आहे. कोळी खातो ते किडे त्यांत, आणि कोळ्यास खाणारे पक्षी त्यावर. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून जी जमीन लिहिली जाते, ती या जीवांच्या लेखीं बागाइताहून मोलाची असते. येऊरच्या उतारावर वन राखलें आहे, खाडीकांठीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य २०१५ सालीं झालें, हें आम्हांस ठाऊक आहे व त्याचा आनंदहि आहे. परंतु मोठ्या पक्ष्यास अभयारण्य आणि लहान प्राण्यास आगकाडी, ही वांटणी न्यायाची नव्हे. ज्या जातीचें वर्णन झालें तिचें नांव तरी आपणांस कळलें. जिचें वर्णन अद्याप व्हावयाचें आहे, ती एखाद्या संकुलाच्या कोपऱ्यांतल्या ढिगाबरोबर आजच जळत नसेल असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

उपाय कठीण नाहींत, आणि त्यांस सरकारी अनुदानहि लागत नाहीं. २००२ च्याच कायद्यानें स्थानिक संस्थांनीं जैवविविधता समित्या नेमाव्या असें ठरविलें, व त्यांच्याकडून लोकांच्या साहाय्यानें स्थानिक जीवांच्या नोंदवह्या होऊं लागल्या. आपल्या नगराच्या नोंदवहींत या दोन कोळ्यांचीं नांवें ठावठिकाण्यासह आहेत काय, हें नागरिकांनीं विचारावें. महाविद्यालयांनीं प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आपल्याच आवारांतील कोळ्यांची वर्षभर मोजदाद करून घ्यावी. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या पुनःपुन्हां गिरविण्यापेक्षां तें शिक्षण अधिक सकस होईल. इंग्रजींत लिहिलेल्या अशा वर्णनांचा सारांश मराठींत देण्याचा भार ज्यांस दोन्ही भाषा येतात त्यांनीं उचलावा.

आणि वाचकहो, एक काम तर अगदीं आपल्या दारांतलें आहे. केरकचरा उघड्यावर जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनींच मनाई केली होती. तेव्हां आम्ही कांहीं जगावेगळें मागतों असें नाहीं. आपल्या सोसायटीच्या पुढील सभेंत एवढा एकच ठराव मांडावा: पाचोळा जाळावयाचा नाहीं, आणि झाडांखालचा एक कोपरा झाडावयाचा नाहीं. विरोध होईल, हंसूंहि येईल. तरी ठराव मंजूर होईपर्यंत तो मांडीत राहावा. ज्या माणसाचें नांव त्या कोळ्यास दिलें आहे, त्यानें हातीं धरलेलें मरेपर्यंत सोडलें नाहीं. त्या नांवाचा अभिमान सांगणाऱ्यांनीं एक कोपरा धरून ठेवावा, ही मागणी फार मोठी आहे काय?