नियम आधी भिंतीवर लावा



बनारसला पोस्टिंग येऊन आठ महिने झाले. घाट, लस्सी आणि गल्ल्यांवर लिहा असं बऱ्याच जणांनी कळवलंय. ते लिहीन कधीतरी. आज मात्र सिगऱ्याकडच्या एका पूल पार्लरबद्दल लिहायचंय. तिथे मी एक मॅच जिंकलो आणि ती अजून पचलेली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. बारा वर्षांपूर्वी एका ऑफिसर्स मेसमध्ये माझी ड्यूटी होती. तिथे मोठं स्नूकर टेबल होतं. साहेब लोक खेळायचे आणि एक म्हातारे सिव्हिलियन मार्कर स्कोअर सांभाळायचे. त्यांच्याशेजारी उभा राहून मी नियम शिकलो. क्यू हातात मिळायचा तो फक्त टेबल पुसून झाल्यावर, दहा मिनिटं.

हा खेळ फौजेतच जन्मला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुट्टीवरून येताना मी नाशिकरोडला महानगरी पकडतो. ती गाडी जबलपूरवरून जाते. त्याच जबलपूरच्या मेसमध्ये 1875 च्या पावसाळ्यात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून नवा खेळ काढला. (हिटलरशी करार करणारा पंतप्रधान वेगळा.) वुलिचच्या लष्करी अकादमीत नव्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणून चिडवायचे, म्हणजे आपल्या भाषेत रंगरूट. कोणाचा तरी सोपा बॉल चुकला, चेंबरलेनने त्याला स्नूकर म्हटलं आणि तेच नाव खेळाला चिकटलं. पुढे 1880 च्या दशकात उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. ही भिंत लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता सिगऱ्याचं पार्लर. तीन पूल टेबलं, एक स्नूकर टेबल, कोपऱ्यात पानाची पिंक टाकायला बादली. येणारे बहुतेक कॉलेजची मुलं आणि दुकानदार. तासावर पैसे, आणि बहुतेक पार्लरांत असतो तसा रिवाज: जो हारे, सो भरे. जानेवारीत मालकाने एट-बॉलची स्पर्धा ठेवली. सोळा खेळाडू, दोनशे रुपये एंट्री, तीन फ्रेम आधी जिंकणारा पुढे. टेबलाचे पैसे मात्र स्पर्धेतही हरणाऱ्याकडेच. रविवारचा आउट पास होता, मीही नाव दिलं.

दुसऱ्या फेरीत समोर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. दोन-दोन फ्रेम झाल्या. शेवटच्या फ्रेममध्ये माझा एक बॉल आणि काळा उरला होता, त्याचाही एक आणि काळा. पांढरा बॉल लांब होता, म्हणून मी टेबलावर पसरून वाकलो. थंडीमुळे अंगात जाड जॅकेट. क्यू पुढे ढकलतानाच बाही त्याच्या बॉलला लागली आणि तो दोन बोटं सरकला. पांढरा बॉल बरोबर त्या रिकाम्या झालेल्या जागेवरून गेला आणि माझा बॉल पॉकेटमध्ये पडला.

मुलगा म्हणाला, “फाउल है.” मालक काउंटरवरूनच ओरडला, “अरे गुरु, यहाँ सिर्फ सफेद का फाउल होता है. खेलो.” मी खेळलो. काळा घातला आणि जिंकलो.

आता खरं सांगतो. मालकाचा नियम अगदी हवेतला नव्हता. रेफरी नसेल तर फक्त पांढऱ्या बॉलचे फाउल धरायची सोय जागतिक पूल संघटनेच्या नियमावलीतही आहे. पण त्या सोयीला अट आहे. हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला, किंवा तो आधी जिथे होता त्या जागेवरून कुठलाही बॉल गेला, तर तो फाउलच. तसं काही झालं नसेल तरीही, बॉल आहे तिथे ठेवायचा की जागेवर आणायचा, हे समोरच्याने ठरवायचं. ही अट मला माहीत होती. मालकाला नसावी, मुलाला तर नव्हतीच. मी गप्प बसलो.

टेबलाचे पैसे त्या मुलाने भरले. जाताना एवढंच म्हणाला, “फौजी भैया, आपने तो देखा था ना?”

माझं मत सरळ आहे. पहिली चूक माझी. क्यूच्या खेळात स्वतःचा फाउल स्वतः सांगायची जुनी रीत आहे, आणि मार्कर चाचांनी मला तीच आधी शिकवली होती. पण माणूस कधी ना कधी घसरणारच हे धरूनच स्पर्धा भरवायला हवी. आपण फौजेत स्टँडिंग ऑर्डर लिहून लावतो ते जवान अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, ‘मला वाटलं’ असं म्हणायला जागा उरू नये म्हणून लावतो.

मालक म्हणतो, गल्लीतल्या खेळाला कायदा कशाला, गंमत जाते. मला हे पटत नाही. गल्ली क्रिकेटमध्ये भिंतीपलीकडे थेट मारला तर आउट, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे? तरी भांडण होत नाही, कारण पहिला बॉल पडण्याआधी तो सगळ्यांना ठाऊक असतो. स्थानिक नियम जरूर ठेवा. फक्त ते खेळाआधी ठरवा. खेळ चालू असताना काउंटरवरून येतो त्याला मी नियम म्हणणार नाही, ती मालकाची मर्जी झाली.

एट-बॉलला एक कागद पुरतो. फाउलनंतर पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवायचा, की रेषेमागेच? पॉकेट आधी सांगायचं की नाही? ब्रेकवर काळा पडला तर काय? जागतिक नियमांत तो विजय नाही, पण बऱ्याच पार्लरांत जल्लोष होतो. आणि बाही लागली तर काय? या चार ओळी लिहा. बॉल खेटून असतील तर शॉट बघायला तिसरा माणूस बोलवायचा, ही पाचवी.

सहावी माझ्या मते सगळ्यात गरजेची: स्पर्धेत टेबलाचे पैसे एंट्रीतून कापा. हरणाऱ्याच्या खिशाला चाट बसणार असेल, तर गप्प बसण्याला भाव येतो. त्या दिवशी माझ्या गप्प बसण्याची किंमत त्या पोराने मोजली.

हे एका पार्लरपुरतं नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. त्या काळी हे टेबल दिसायचं मेसमध्ये आणि क्लबांत. आज बनारसच्या गल्लीत तासावर मिळतं. मेसच्या टेबलावर मला दहा मिनिटं मिळायची, इथे त्या मुलाला तास मिळतो. पण मेसमध्ये नियम भिंतीवर होते आणि मार्कर कोणाचाही पगारी मिंधा नसल्यासारखा फाउल पुकारायचा. साहेबांचं टेबल गल्लीत आलं, भिंतीवरचा कागद तिकडेच राहिला. पहिल्याच स्पर्धेत मोठ्या माणसाने फसवलं तर पोरगा परत कशाला येईल?

पुढच्या रविवारी मी सहा ओळी हिंदीत टाइप करून नेल्या आणि मालकाला झाल्या प्रकारासह सगळं सांगितलं. तिसरी फेरी खेळलो नाही. मालक आधी हसला, मग पाच ओळी मान्य केल्या. सहावीवर म्हणाला, “सोचेंगे.” कागद ‘थूकना मना है’च्या पाटीखाली लागलाय.

मुलाच्या टेबलाचे पैसे मी काउंटरवर ठेवलेत. तो अजून आलेला नाही. परीक्षा असतील, असं मालक म्हणतो.